शिलाबाईचा नकार मीच टाईप केला

आधीच सांगून ठेवतो, मी काही साधुसंत नाही. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यातली अठरा आस्थापनेच्या टेबलावर. कोण कधी नोकरीला लागलं, कुणाची बदली, कुणाची बढती, कुणाची रजा, हे सारं ज्याच्या कपाटात असतं ते आस्थापनेचं टेबल. माझं नाव मसाजी. खात्याचं नाव सांगत नाही. अर्धी माणसं अजून हिंगोलीतच हायेत, सकाळी फिरायला गेलं की भेटतात, उगं कशाला तोंडं वाकडी करून घ्यायची.

सांगायचंय ते शिलाबाईचं. शिला जगन चव्हाण. कळमनुरीच्या रस्त्यावरच्या एका तांड्यातली. बाप थावरा अन् माय बेबीबाई दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परत. लेकरू कुठं ठेवायचं म्हणून आश्रमशाळेत टाकलं. थावराचा हिशोब सोपा होता, पोरीला दोन टायमाचं खाणं तरी मिळंल. पोरीनं खाणंही खाल्लं अन् दहावीही पास केली. त्या तांड्यावरची ती पहिली दहावी पास पोरगी. मंग लग्न झालं, जगनच्या घरी आली, दोन एकर रान अन् दहाबारा शेळ्या.

सरकारनं नोकरीत बायांसाठी तीस टक्के जागा ठेवल्या, त्याच्या दुसऱ्या साली, म्हणजे पंच्याण्णवला, आमच्याकडं शिपायांची भरती निघाली. सहा जागा, त्यातल्या दोन बायांच्या. अर्ज आले तीन. तिसरी बाई मुलाखतीलाच आली नाही. शिलाबाई आली ती वर्षाची पोरगी कडेवर घेऊन. साहेबांनी विचारलं, "सायकल येती का? डाक वाटावी लागते गावभर."

"न्हाई येत," ती म्हणली. "पन तुमी कधीपासून घेता ते सांगा, तवर शिकते."

साहेब हसले. मीही हसलो. पंधरा दिवसांनी ती रुजू झाली ती दोन्ही गुडघे फोडून, पण सायकलवर. नऊवारी नाही की तांड्यावरच्या बायांचा फेट्या-कांचळीचा वेश नाही, साधी पाचवारी, पदर खोचलेला. बाजारातली माणसं दुकानातून उठून बघायची. ती घंटी वाजवायची अन् पुढं जायची.

कचेरीत तिला द्यायचं काय काम, हा घोर सगळ्यांना. शिपायाची जागा म्हणजे साहेबांच्या दारातला स्टूल. तिथं बाई बसवायची? शोभतं का? आम्ही तिला चहापाण्याला लावली. आठ दिवस तिनं केलं. नवव्या दिवशी माझ्यापुढं हजेरीपट उघडून उभी राहिली. "भाऊसाहेब, हितं माझ्या नावापुढं काय लिहिलंय?"

"शिपाई."

"मंग चहा आळीपाळीनं. आन् स्टूल बी आळीपाळीनं."

हजेरीपट मीच लिहिलेला.

दुसरी गंमत तर त्याच्याहून भारी. कचेरीत बायांसाठी संडास नव्हता. टायपिस्टबाई अन् दोघी शिपाईबाया दुपारी मागच्या गल्लीतल्या एका घरी जायच्या, त्या घरच्या म्हातारीची बोलणी खायच्या. आता साहेबांच्या संडासाची किल्ली राहते कुणाकडं? स्टुलावर जो शिपाई त्याच्याकडं. शिलाबाईचा स्टूल आला त्या दिवशी तिनं किल्ली पदराला बांधली अन् साहेबांना सांगितलं, बायांचं वेगळं बांधून होईस्तोवर हा बायांचा. साहेब दोन दिवस बाजूच्या कचेरीत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी बांधकामाचा प्रस्ताव त्यांनीच सांगितला अन् मी टाईप केला. सहा महिन्यांत संडास उभा! एकतीस वर्षांत एवढ्या झपाट्यानं सरकलेली फाईल मी दुसरी बघितली नाही.

अशी बाई. मला तिचा राग यायचा अन् कौतुकही वाटायचं, दोन्ही बराबरीनं.

नव्व्याण्णवला हिंगोली जिल्हा झाला. नवा जिल्हा, नव्या जागा. दहावी पास शिपायानं टायपिंगची परीक्षा दिली की लिपिकाच्या बढतीला नाव लागतं, हा नियम जुनाच, पण आता जागा निघायला लागल्या. शिलाबाईनं सकाळी आठचा टायपिंगचा क्लास लावला. तांड्यावरून पहिल्या जीपनं यायची, क्लास करायची, मंग कचेरी. पहिल्या खेपेला नापास झाली. जेवणाच्या सुट्टीत माझं मशीन मागायची. मी कुरकुर करत द्यायचो. तिची भाकरी एका हातात अन् दुसरा हात मशीनवर. दोन हजार साली पास झाली, पेढे वाटले, मला दोन दिले.

अन् दोन हजार दोनमध्ये वसमतला लिपिकाची एक जागा निघाली, शिपायांच्या वाट्याची. ज्येष्ठता यादीत पहिलं नाव शिलाबाईचं. दुसरं प्रभूचं. प्रभू म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा पोरगा. नोकरीला तिच्यामागून तीन वर्षांनी लागलेला.

आता माझी करणी ऐका.

आमच्या कचेरीत एक जुनी सोय होती. बायांच्या घरी लेकरू आजारी पडतं, सासू पडते, ऐन वेळी रजेचा अर्ज द्यायला कोण येणार? म्हणून प्रत्येक बाई जानेवारीत मला चार कोऱ्या कागदांवर सह्या करून द्यायची. निरोप आला की मी वर किरकोळ रजेचा मजकूर टाईप करायचो, काम भागायचं. बाया म्हणायच्या, मसाजीभाऊंचे उपकार. मलाही तसंच वाटायचं. अन् ह्याच सोयीला पुढं एक फांदी फुटली होती. बाईच्या बढतीची वेळ आली की बढतीबरोबर परगावची बदली येणार. मंग तिचा नवरा, सासरा, भाऊ, कुणीतरी येऊन सांगायचं, "बाईला बाहेर धाडता येणार न्हाई, काय ते बघा." मी बघायचो. कोऱ्या कागदावर टाईप करायचो: "कौटुंबिक अडचणीमुळे मी पदोन्नती स्वखुशीने नाकारीत आहे." मजकूर मला पाठ होता. गड्यांसाठी असला मजकूर मी कधी टाईप केला नाही. नकार गेला की दोन वर्षं त्या बाईचं नाव निघत नाही, अन् यादीतला पुढचा माणूस वर सरकतो.

शिलाबाईच्या घरून कुणी आलंच नाही. म्हणून मीच गेलो. कळमनुरीच्या बाजारात जगन बोकड विकायला उभा होता. त्याला म्हणलं, "जगनराव, बाईची बढती हाय, वसमतला जावं लागंल. तुमचं काय म्हणणं?"

त्यानं बोकडाची दोरी ह्या हातातून त्या हातात घेतली. "माझी काय नोकरी हाय का, साहेब? तिलाच इचारा की."

मी मनात म्हणलं, बिचारा लाजतोय. नवऱ्यानं बाजारात उभं राहून नाही कसं म्हणायचं? त्याचा नकारच हाय, फक्त तोंडातून निघंना. दुसऱ्या दिवशी मी शिलाबाईचा कोरा कागद काढला, नवा कोरा कार्बन घातला, खालची कचेरीची प्रत नीट उमटावी म्हणून, अन् नकार टाईप करून परभणीच्या मोठ्या कार्यालयाला, बढत्या अजून तिथूनच व्हायच्या, डाकेनं रवाना केला. ती माझ्यापासून दहा हातांवर स्टुलावर बसलेली होती. तिला सोडून मी सगळ्या जगाला विचारलं होतं.

भाच्याचा विचार मनात नव्हता का? चोराच्या मनात चांदणं. होता. थोडा होता. पण मी स्वतःला सांगितलं की हे बाईच्या भल्यासाठीच चाललंय, अन् मला ते पटलंही, ही खरी लाजेची गोष्ट.

कचेरीतले जुने कार्बन निवडायचं काम शिपायाचं. खिडकीशी धरून बघायचं, घासलेला टाकायचा, चालणारा ठेवायचा. चार दिवसांनी शिलाबाई खिडकीशी उभी राहून कार्बन निवडत होती. नव्या कार्बनवर एकच पत्र उमटलेलं, उजेडात धरलं की छापल्यासारखं वाचता येतं. तिनं तो वरून खालपर्यंत वाचला. मंग आली अन् कार्बन माझ्या टेबलावर ठेवला.

"भाऊसाहेब, हे वाचा."

"काय हाय?"

"माझा नकार हाय. मला आत्ता कळला."

चोरी उघडी पडली होती. पण कारकून मी, एवढ्यात हार मानतो का? म्हणलं, "बाई, तुमच्याच भल्याचं केलं. वसमत का जवळ हाय? पोरगी शाळंत, शेळ्या, रान..."

"मला इचारलं?"

"जगनरावला इचारलं की. बाजारात."

"त्ये काय म्हणले?"

खोटं सुचलंच नाही. "म्हणले, तिलाच इचारा."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळे भरले होते तिचे, पण पडू दिले नाहीत. कार्बन उचलला, घडी घातली अन् म्हणली, "बढतीची बैठक कधी हाय परभणीला?"

"गुरुवारी."

"मी जाऊन राहिले. आन् तुमी बी येऊन राहिले."

घरी गेलो ते तणतणतच. बायकोला, पंचफुलाबाईला सांगितलं, ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं! आता ह्या वयात मला परभणीला नेऊन उभी करती काय, तीन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला. पंचफुलाबाई ज्वारी निवडत होती. सूप थांबलं नाही तिचं.

"इचारलं व्हतं का तिला?"

"तूबी तेच!"

"मला बी न्हाई इचारलं तवा," ती म्हणली. "नर्सबाईच्या ट्रेनिंगचा कागद आला व्हता. औंढ्याच्या दवाखान्यातल्या बाईनं नाव दिलं व्हतं माझं. तुमी पोस्टमनच्या हातातनंच परत धाडला. मला साताठ दिसांनी शेजारणीकडून कळलं."

पंचवीस वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. मी म्हणलं, काहून नाही बोललीस? ती म्हणली, "तुमी इचारलं का कधी?" खरं सांगतो, आपण चांगला माणूस हाओत असं धरून चाललेला गडी एकदम असा उघडा पडला की लई वाईट वाटतं.

गुरुवारी औंढा-जिंतूर मार्गानं एसटीनं परभणीला गेलो. शिलाबाई बायांच्या सीटवर पुढं, मी मागं. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. सही तिची हाय. कागद तिचा हाय. मी गप बसलो तर तिचं कोण ऐकणार? अन् बोललो तर चौकशी, वेतनवाढ बंद, कदाचित निलंबन. प्रभूनं आदल्या दिवशी घरी येऊन पाय धरले होते. "मामा, नुसतं गप ऱ्हावा, बाकी काय करू नका."

शिलाबाईनं नकाराविरुद्ध अर्ज आत धाडला, साडेबाराला आम्हा दोघांना बोलावलं. मोठे साहेब अन् दोघं अधिकारी. साहेबांनी फाईल उघडली, कागद उलटा केला, सुलटा केला.

"सही तुमचीच ना?"

"व्हय साहेब. सही माझी हाय. मजकूर माझा न्हाई."

"मग कुणाचा?"

मला वाटलं आता ती माझ्याकडं बोट करणार. मी अंग चोरून उभा. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणली, "ज्याचा हाय त्यो हितंच हाय साहेब. त्याच्या तोंडून ऐका. माझ्यावर इश्वास ठेवा असं मी म्हणत न्हाई."

काय सांगू! पंखा फिरत होता तरी माझा सदरा पाठीला चिकटला. मंग माझंच तोंड उघडलं. "साहेब, मजकूर माझा. कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवलेली, त्यावर मीच टाईप केला. बाईला ठाऊक नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढला. "असं किती बायांचं केलंत आजवर?"

मनातल्या मनात मोजावं लागलं, इतकी ती सवय. "ह्यांना सोडून नऊ, साहेब."

साहेब माझ्यावर तापले होते, ते दिसत होतं, पण आधी शिलाबाईकडं वळले. "बाई, तुम्हाला ही पदोन्नती पाहिजे का? वसमतला जावं लागेल. विचार करून सांगा."

सात वर्षं झाली होती तिला नोकरीत. रजा मागितली, स्टूल मागितला, किल्ली मागितली, सारं तिनंच मागितलं. तुला काय पाहिजे, हे तिला कुणी विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिलाही ते नवं असावं. एवढी तडफदार बाई, पण तिला पटकन बोलताच येईना. पदरानं तोंड पुसलं अन् म्हणली, "पाहिजे साहेब. दोन वर्सांपासून पाहिजे व्हती."

नकार रद्द झाला. माझी एक वेतनवाढ वर्षभर बंद झाली, ती बराबरच झाली. अन् वरून लेखी हुकूम आला. ज्या बायांचे नकार ह्या लिपिकाने घेतले, त्यातल्या जेवढ्या नोकरीत आहेत त्यांना ह्याच लिपिकाने समक्ष जाऊन विचारावे, अन् उत्तर बाईने स्वतःच्या हाताने लिहून द्यावे. शिक्षा म्हणून दिली होती साहेबांनी. वेतनवाढीपेक्षा तीच जड गेली.

शिलाबाई वसमतला रुजू झाली. पहिलं वर्ष लई तकलीफ काढली तिनं. पोरगी आता ऊसतोड सोडलेल्या आजीकडं, बेबीबाईकडं, जगन आठवड्यातून दोनदा वसमतला, शेळ्या शेजाऱ्याकडं अर्धलीनं, निम्मी करडं त्याची. हळदीच्या बाजाराजवळ एक खोली घेतली. जगनला तांड्यावर माणसं चिडवायची, "बायकोच्या बदलीवर चालला का रे?" तो म्हणायचा, "व्हय, तुमची बी व्हऊ द्या की!" पुढं तो तिथंच एका हळदीच्या आडतीवर कामाला लागला. पोरगी वसमतच्या शाळंत गेली. प्रभूचं नाव दीड वर्षांनी लागलं, आपसूक, माझ्या मदतीबिगर. दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी, आता बोलतो. शिलाबाई दोन हजार नऊला वरिष्ठ लिपिक होऊन हिंगोलीत परत आली, अन् माझं जुनं आस्थापनेचं टेबल तिच्याकडं आलं. पहिल्या आठवड्यात तिनं कपाटात तसेच पडलेले सगळे कोरे सही केलेले कागद जिचे तिला वाटून टाकले.

पण त्या नऊजणींचं सांगायचं राहिलं. दोघी तोवर रिटायर झाल्या होत्या, एक वारली होती. सहाजणी उरल्या. मी एकेकीच्या कचेरीत गेलो. दोघी नाही म्हणल्या, स्वतःच्या हातानं लिहून. त्यांचं त्यांना ठाऊक, मला त्यात काही म्हणायचं नाही. तिघी हो म्हणल्या, त्यातल्या एकीनं आधी मला पोटभर सुनावलं.

शेवटी कळमनुरीला पद्माबाईकडं गेलो. तीस वर्षं कनिष्ठ लिपिक. बढती दोनदा आली, दोन्हीदा नकार गेला. एकदा तिचा नवरा सांगून गेला, नवरा वारल्यावर एकदा तिचा दीर. दोन्ही नकार माझ्याच मशीनवरचे. रिटायर व्हायला तिचे चार महिने राहिलेले. मला वाटलं, आता हिला काय विचारायचं, उगं जखमेवर मीठ. पण हुकूम होता.

ती जावक नोंदवहीत पत्रं चढवत बसली होती. मी उभाच राहिलो. म्हणलं, "पद्माबाई, तुमाला बढती पाहिजे का?"

तिनं पेन खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणलात?"

"बढती पाहिजे का, म्हणलं. तुमाला. चारच महिने राहिलेत, सेनगावला जावं लागंल, तवा..."

"त्ये चार महिन्याचं राहू द्या. पयलं जे इचारलं ते पुन्यांदा इचारा."

आजूबाजूचे कारकून माना वर करून बघू लागले. मला शरम वाटली, पण मी विचारलं. मोठ्यानं विचारलं. "पद्माबाई, तुमाला बढती पाहिजे का?"

पद्माबाई खुर्चीतून उठल्या, टेबलावरचा कोरा कागद ओढला, अन् उभ्या उभ्याच लिहायला लागल्या.